घरापासून दूरचे मत : परदेशस्थ अमेरिकन नागरिकांचे राजकारण

ऑक्टोबर 2024 मधील गोष्ट. एक अमेरिकन संशोधक मुलगी आमच्या तालुक्याच्या गावी काही महिने राहावयास आली होती. दलित आत्मकथनांवर ती काम करीत होती आणि अधूनमधून संदर्भांसाठी माझ्याकडे येई. एके दिवशी ती कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी असलेली दिसली. पेनसिल्व्हेनिया राज्यातील तिच्या कौंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाने, तिला ईमेलने मतपत्रिका पाठविली होती. तिने ती छापून घेतली, उमेदवारांच्या नावांपुढील खुणा भरल्या, कागद पाकिटात घातला, जोडपत्रावर सही केली आणि टपाल कचेरीत जाऊन पाकीट रवाना केले. इतक्या दुरून पाठविलेले मत पोहोचते का, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, मागच्या खेपेला मी उशीर केला. म्हणून या खेपेला तीन आठवडे आधी."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हा प्रसंग सांगितला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. त्याने विचारले, "सर, तिचे मत समुद्र ओलांडून जाते. मग माझ्या बापाचे मत कारखान्यावरून गावी का येत नाही ?"

माझाही बाप ऊसतोडीलाच जात असे. त्यामुळे हा प्रश्न मला नुसता पाठ्यपुस्तकातला वाटला नाही. परंतु त्याला घाईने उत्तर देण्यापूर्वी त्या मुलीचे मत समुद्र ओलांडून कसे जाते, ते जावे म्हणून कोण झगडले आणि त्या झगड्यातून कोणाला वगळले गेले, हे समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे.

प्रथम आजची व्यवस्था पाहू. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला अध्यक्षाच्या आणि काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, निवडणुकीत टपालाने मत देता येते. हा हक्क 1986 च्या कायद्याने सैनिक आणि नागरिक या दोहोंसाठी एकत्र केला. 2009 च्या सुधारणेने राज्यांवर बंधन घातले, की मागणी वेळेत आली असेल तर मतदानाच्या किमान 45 दिवस आधी मतपत्रिका रवाना झाली पाहिजे आणि कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गानेही मिळाली पाहिजे. मागणी करूनही मतपत्रिका आली नाही, तर उमेदवाराचे किंवा पक्षाचे नाव स्वतः लिहून पाठविण्याची एक राखीव मतपत्रिकाही आहे.

मात्र हे मत मोजले जाते ते नागरिकाच्या शेवटच्या वास्तव्याच्या राज्यात. तो वीस वर्षे बर्लिनला राहत असेल आणि ओहायोतील त्याचे घर कधीच विकले गेले असेल, तरी त्याचे मत ओहायोचेच. परदेशस्थांचा स्वतंत्र मतदारसंघ अमेरिकेत नाही. फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहात परदेशस्थ फ्रेंच नागरिकांचे 11 प्रतिनिधी बसतात. इटलीतही अशा जागा आहेत. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मात्र परदेशस्थांचा म्हणून एकही माणूस नाही. त्यांची मते पन्नास राज्यांत विखुरतात आणि त्यांच्या प्रश्नांना कोणी वाली उरत नाही. शिवाय निवडणूक चालविण्याचे काम राज्यांकडे असल्यामुळे अर्ज, सही, साक्षीदार, पोहोचण्याची मुदत यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. हक्क केंद्राने दिलेला, पण त्याची किल्ली राज्याच्या हाती, अशी ही रचना आहे. पुढील सारा इतिहास समजण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

दूरच्या मताची सुरुवात सैनिकांपासून झाली. यादवी युद्धाच्या काळात, 1864 च्या निवडणुकीत, उत्तरेकडील अनेक राज्यांनी छावणीतील सैनिकांना मत देण्याची सोय केली. दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन समुद्रापार गेले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. 1942 च्या सप्टेंबरात केंद्राने सैनिकांच्या मतदानाचा कायदा केला आणि त्यात सैनिकांसाठी मतदान-कराची अट काढून टाकली. ही अट काय होती ? दक्षिणेतील आठ राज्यांत मत देण्यापूर्वी कर भरावा लागे. तो मुख्यतः कृष्णवर्णीयांना आणि सोबत गरीब गोऱ्यांनाही मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी होता. सैनिकाला या करातून सूट म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकाच्या मताला फट मोकळी करणे, हे दक्षिणेतील प्रस्थापितांच्या तात्काळ ध्यानात आले.

म्हणून 1944 मध्ये केंद्राची एकच समान मतपत्रिका सर्व सैनिकांना द्यावी असा प्रस्ताव आला, तेव्हा मिसिसिपीचे प्रतिनिधी जॉन रँकिन आणि त्यांचे सहकारी राज्यांच्या अधिकाराचे निशाण घेऊन उभे राहिले. मतपत्रिका राज्यांनीच पाठवावी, असा त्यांचा आग्रह होता. अध्यक्ष रुझवेल्ट यांनी ही सैनिकांची फसवणूक आहे असे उघड म्हटले. अखेर जो तडजोडीचा कायदा झाला त्यात केंद्राच्या मतपत्रिकेचा उपयोग राज्यांच्या संमतीवर ठेवला गेला. रुझवेल्ट यांनी त्यावर सही केली नाही. त्यांच्या सहीविनाच तो अमलात आला.

या वादाचा अर्थ एका माणसाच्या आयुष्यातून स्पष्ट होतो. मेडगर एव्हर्स हा मिसिसिपीचा तरुण फ्रान्समध्ये अमेरिकेच्या सैन्यात होता. हिटलरशाहीविरुद्धचे युद्ध जिंकून तो घरी आला. 1946 च्या जुलैमध्ये, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, तो काही साथीदारांसह डिकेटर गावी मत द्यावयास गेला, तेव्हा सशस्त्र गोऱ्यांनी त्यांना परत पाठविले. हाच एव्हर्स पुढे नागरी हक्कांच्या लढ्याचा नेता झाला आणि 1963 च्या जूनमध्ये स्वतःच्या घराच्या अंगणात त्याचा खून झाला. ज्याला घरी मत नाही त्याला परदेशात मत कोठून मिळणार ? माणूस देश सोडतो तेव्हा तो आपले नागरिकत्व बरोबर नेतो. पण घरी त्याचे नागरिकत्व अर्धे असेल, तर तो अर्धेच बरोबर नेतो. माझ्या मते या सर्व विषयाचे मर्म येथे आहे.

सैनिक नसलेल्या परदेशस्थ नागरिकांना मत मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. परदेशात स्थायिक झालेला अमेरिकन करदाता होता, पण बहुतेक राज्ये त्याला रहिवासी मानीत नसत. अमेरिका आपल्या नागरिकावर तो जगाच्या पाठीवर कोठेही असला तरी कर बसविते. ही पद्धत यादवी युद्धाच्या काळातली आहे आणि मेक्सिकोत राहणाऱ्या एका अमेरिकनाच्या खटल्यात 1924 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा कर घेता आणि प्रतिनिधित्व देत नाही, हा सवाल विचारला जाणे अटळ होते. सत्तरच्या दशकात परदेशस्थ अमेरिकनांनी आपल्या लोकप्रतिनिधींना टपालाने चहाच्या पुड्या पाठविल्या. 1773 मध्ये बोस्टनच्या बंदरात ब्रिटिशांचा चहा समुद्रात फेकला गेला होता तो याच सवालावरून, याची ती आठवण होती. काँग्रेसने कायदा संमत केला आणि अध्यक्ष फोर्ड यांनी 2 जानेवारी 1976 रोजी त्यावर सही केली.

येथे एक भेद नमूद केला पाहिजे. चहाच्या पुड्या पाठविणारे बहुतांशी सुस्थितीतील होते : व्यापारी कंपन्यांचे अधिकारी, परदेशी नवऱ्यांशी संसार थाटलेल्या स्त्रिया, प्राध्यापक. त्यांची मागणी न्याय्य होती आणि ती मान्य झाली. परंतु त्याच काळातील दुसऱ्या परदेशस्थ अमेरिकनांची कहाणी वेगळी आहे. त्यांच्या हाती मतपत्रिका नव्हती. त्यांनी अर्ज, गाणे आणि मोर्चा ही साधने वापरली.

पॉल रोबसन या महान गायकाने तीसच्या दशकातील बराच काळ लंडनमध्ये काढला. वेल्सच्या खाणकामगारांशी त्याचे नाते तेथेच जडले. मायदेशी परतल्यावर वर्णद्वेषाविरुद्ध आणि वसाहतवादाविरुद्ध तो बोलू लागला, तेव्हा 1950 मध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. देशातील काळ्यांच्या स्थितीबद्दल त्याने परदेशात बोलणे हेच सरकारला खुपत होते. रोबसन गप्प बसला नाही. 1957 मध्ये त्याने न्यूयॉर्कमधून समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेवरून गाणे म्हटले आणि ते लंडनच्या सभागृहात व नंतर वेल्सच्या खाणकामगारांच्या मेळाव्यात ऐकले गेले. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवासाचा हक्क मान्य केला, तेव्हा कोठे त्याला पासपोर्ट परत मिळाला.

डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांचे नाव आपल्या वाचकांना परके नसावे. 1946 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांपुढे गेल्याचे वाचून बाबासाहेबांनी दु बॉइस यांना पत्र लिहिले होते. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील काळ्यांची स्थिती किती सारखी आहे हे त्यांनी त्यात कळविले होते आणि त्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. दु बॉइस यांनी 31 जुलै 1946 रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. स्वतःच्या देशात ज्याची दाद लागत नाही त्याने जगापुढे उभे राहावे, हा विचार दोघांच्याही मनात त्या वेळी होता, याचा हा कागदोपत्री पुरावा आहे.

पुढे याच दु बॉइस यांचा पासपोर्ट सरकारने रोखला. 1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला त्या सोहळ्याचे निमंत्रण असूनही त्यांना जाता आले नाही. 1961 मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते घानाला राहावयास गेले. 1963 मध्ये अमेरिकेने त्यांच्या पासपोर्टाचे नूतनीकरण नाकारले आणि त्यांनी घानाचे नागरिकत्व स्वीकारले. 27 ऑगस्ट 1963 रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनचा ऐतिहासिक मोर्चा होता. त्यांच्या निधनाची बातमी मोर्चाच्या व्यासपीठावरून रॉय विल्किन्स यांनी दिली.

त्या मोर्चाचे पडसाद परदेशातही उमटले. पॅरिसमध्ये लेखक जेम्स बाल्डविनच्या पुढाकाराने तेथील अमेरिकन जमले, आपल्या वकिलातीकडे निघाले आणि त्यांनी मोर्चाला पाठिंबा देणारे निवेदन सादर केले. युरोपातील सुमारे 1500 अमेरिकनांच्या सह्यांचा कागद नट बर्ट लँकेस्टर याने वॉशिंग्टनच्या व्यासपीठावर नेला. अक्रा येथे ज्युलियन मेफील्ड, माया अँजेलो आणि त्यांचे सहकारी अमेरिकन वकिलातीसमोर जमले. दु बॉइस गेल्याची बातमी त्यांना तेथेच कळली. परदेशस्थ नागरिकाचे राजकारण म्हणजे केवळ टपालातील पाकीट नव्हे, हे या माणसांनी दाखविले. वकिलात ही परक्या भूमीवरील आपल्या सरकारची दारे असतात. ती ठोठावणे हेही मतच आहे.

आता कायद्याच्या इतिहासातील एक विलक्षण वळण पाहू. बेयस अफ्रोयिम हा पोलंडमध्ये जन्मलेला अमेरिकन चित्रकार 1950 मध्ये इस्रायलला गेला आणि तेथील 1951 च्या निवडणुकीत त्याने मतदान केले. परक्या देशात मत दिले की अमेरिकन नागरिकत्व संपते, असा तेव्हा कायदा होता. 1960 मध्ये त्याला पासपोर्ट नाकारण्यात आला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की नागरिकाने स्वतःहून सोडल्याखेरीज सरकारला त्याचे नागरिकत्व हिरावून घेता येत नाही. हा निर्णय कशाच्या आधारे दिला गेला ? राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या. ही दुरुस्ती 1868 मध्ये झाली ती मुक्त झालेल्या गुलामांचे नागरिकत्व कोणाला हिरावता येऊ नये म्हणून. म्हणजे गुलामांच्या मुक्तीसाठी लिहिलेले वाक्य शंभर वर्षांनी जगभर विखुरलेल्या साऱ्या अमेरिकनांचे संरक्षण ठरले. तळच्या माणसासाठी मिळविलेला हक्क वरच्यालाही सुरक्षित करतो. उलट मात्र आपोआप घडत नाही.

आजच्या राजकारणाकडे वळू. डेमोक्रॅटिक पक्षाची परदेशस्थ शाखा 1964 मध्ये लंडन व पॅरिस येथे सुरू झाली. पक्षाने तिला एखाद्या राज्यासारखा दर्जा दिला असून तिचे प्रतिनिधी राष्ट्रीय अधिवेशनात बसतात. 2008 पासून ती अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी जगभरच्या सभासदांचे प्राथमिक मतदान घेते. 2016 मध्ये या मतदानात बर्नी सँडर्स यांना हिलरी क्लिंटन यांच्या दुपटीहून अधिक मते पडली आणि इंग्लंडमध्ये राहणारे त्यांचे थोरले बंधू लॅरी सँडर्स यांनी अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून डोळ्यांत पाणी आणून भावाला मत दिले. रिपब्लिकनांचीही परदेशस्थ संघटना आहे. तिचा मुख्य भर करावर असतो. 2010 च्या कायद्याने परदेशी बँकांना अमेरिकन खातेदारांची माहिती अमेरिकेला पुरविणे भाग पडले. त्यानंतर अनेक बँका अशा खातेदारांना नकोच म्हणू लागल्या आणि सामान्य नोकरदारही त्यात भरडला गेला.

आणि तरी मतदान किती ? सरकारच्याच अंदाजानुसार परदेशातील मतदानायोग्य अमेरिकन नागरिकांपैकी 2020 मध्ये 7.8 टक्के आणि 2022 मध्ये 3.4 टक्के लोकांनी मत दिले. 2020 मध्ये मायदेशी दोन-तृतीयांश मतदार मतदानाला उतरले होते. हा आळस आहे असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. पन्नास राज्यांचे पन्नास नियम, बेभरवशाचे टपाल, मत दिल्यास कर वाढेल ही भीती आणि आपल्यासाठी बोलणारा सभागृहात कोणीच नाही ही जाणीव, ही कारणे खरी आहेत.

पण हीच थोडी मते कधीकधी निकाल फिरवितात. 2000 मध्ये फ्लोरिडात बुश 537 मतांनी जिंकले. मतदानाच्या दिवसानंतर परदेशातून आलेली मते वगळली असती, तर गोर 202 मतांनी पुढे असते. 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत अ‍ॅलिसन रिग्ज 734 मतांनी निवडून आल्या. पराभूत उमेदवाराने हजारो मतांवर हरकत घेतली. त्यांत सैनिकांची आणि परदेशस्थांची मते होती. फोटो ओळखपत्राची प्रत जोडली नाही, अशी तक्रार होती. वस्तुतः राज्याच्याच निवडणूक मंडळाने ती जोडण्याची गरज नाही असे आधी सांगितले होते. शिवाय ही हरकत साऱ्या राज्यातील परदेशस्थ मतांवर नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्या मोजक्या कौंट्यांतील मतांवरच होती. सहा महिने हा वाद चालला. मे 2025 मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने खेळ संपल्यावर नियम बदलता येत नाहीत या अर्थाचा निकाल दिला आणि रिग्ज यांची निवड कायम झाली. दूरचा मतदार प्रत्यक्ष हजर नसतो म्हणून त्याच्या मतावर हात टाकणे सोपे जाते, हा याचा धडा आहे.

शेवटी या व्यवस्थेतील सर्वांत मोठी विसंगती. पोर्टो रिको हे बेट 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तेथील लोक 1917 पासून अमेरिकन नागरिक आहेत. सुमारे 32 लाख वस्तीच्या या बेटाला अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. न्यूयॉर्कचा माणूस पॅरिसला राहावयास गेला तर अध्यक्षासाठी त्याचे मत टिकते. तोच माणूस अमेरिकेच्याच ध्वजाखालील पोर्टो रिकोत गेला तर ते जाते. इराकमध्ये लढलेला इलिनॉयचा एक माजी सैनिक ग्वाम या अमेरिकन बेटावर राहावयास गेला आणि त्याचे मत गेले. तो परदेशात गेला असता तर राहिले असते. त्याने व इतरांनी दावा लावला. 2018 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. तेव्हा अंतर हा अडसर नाहीच. अडसर आहे तो कोणाला पूर्ण नागरिक मानावयाचे याबद्दलच्या जुन्या समजुतीचा. या बेटांवरील बहुसंख्य लोक गोरे अमेरिकन नाहीत, हे येथे विसरता येत नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे 2010 च्या दुरुस्तीने परदेशस्थ भारतीयांना मतदारयादीत नाव घालता येते, पण मत देण्यास स्वतः मतदारसंघात यावे लागते. 2024 च्या लोकसभेला अशा सुमारे 1 लाख 19 हजार मतदारांपैकी तीन हजारांहूनही कमी लोकांनी मतदान केले. विमानाचे भाडे ज्याला परवडते त्याचेच हे मत. सैनिकाला आपण टपालाने मत देतो, कारण त्याचे दूर असणे देशासाठी आहे असे मानतो. ऊसतोड कामगार मात्र आपल्याच राज्यात, आपल्याच साखरेसाठी दूर असतो. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, आणि गाळपाचा हंगाम नोव्हेंबरातच सुरू होतो. स्थलांतरित मजुरांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2023 मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवला होता. त्या निवडणुकीत ते यंत्र कोठेही आले नाही.

मी त्या विद्यार्थ्याला सांगितले : त्या मुलीचे पाकीट समुद्र ओलांडते, कारण तिच्या आधीच्या लोकांनी ऐंशी वर्षे त्यासाठी सरकारला जाब विचारला. त्यांत चहाच्या पुड्या पाठविणारे होते, आणि टेलिफोनच्या तारेवरून गाणाराही होता. तुझा बाप कारखान्यावर आहे, म्हणून त्याचे मत हरवले असे नाही. त्याने दूर असणे कोणी मोजलेच नाही, म्हणून ते हरवले. ते मोजावयास लावणे हे आपले काम आहे.

तो म्हणाला, "सर, तळावरच्या कोप्यांची यादी करायची का ? किती जणांचे मत राहिले याची ?"

येत्या हंगामात आम्ही ती यादी करणार आहोत.